मंजुरीसाठी मोडलेला उपास

नामांतराचं आंदोलन पेटलं त्या साली मी जन्मले. पुढं वाळूजला कारखाने वाढत गेले, तशी मीपण वाढत गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला तोंडावर धान्याची कणगी म्हणायच्या. मी कशाची ऐकून घेते! "कणगी भरलेली असली तरच घर चालतं," म्हणायचे.

पण चाळिशी ओलांडली अन् झोपेत माझा श्वास अडकायला लागला. मालक गदागदा हलवायचे तेव्हा कुठं तो परत यायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, साखर अन् हा श्वास असाच राहिला तर एखाद्या सकाळी उठणार नाहीस, पोट लहान करायचं ऑपरेशन करून घे. खर्च माझ्या कंपनीच्या विम्यातनं होणार होता. पण विमावाल्यांनी रेघ आखलेली. उंचीच्या मानानं वजन तिच्या वर असेल तरच मंजुरी. दवाखान्यात मोजलं तेव्हा मी जेमतेम वर होते. मग विमावाले म्हणाले, आमचा डॉक्टर पुन्हा मोजणार. तारीख दिली ती नेमकी नवरात्रातली.

अन् मी येडी, मंजुरी मिळावी म्हणून कर्णपुऱ्याच्या देवीला बोलून बसलेले, नऊ दिवस नुसत्या दुधापाण्यावर राहीन! एरवी आमचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. यंदाच खरा धरला. पाचव्या माळेला शहागंजात औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. मी रेघेच्या खाली गेले होते. तपासणी परवावर आलेली.

रडतच घरी आले. मालक म्हणाले, "अगं, मग खा की!"

जन्मभर सगळ्यांनी माझ्या ताटातली भाकरी मोजली, अन् आता म्हणे खा. असा संताप आला! "उपास मोडून देवीला कोणत्या तोंडानं मंजुरी मागू?" मी ओरडले.

आत्याबाई घटापुढं बसल्या होत्या. मला धास्ती त्यांचीच, कारण घट बसल्यावर त्यांच्या घरात कुणी उपास मोडलेला नव्हता. गुडघ्यावर हात देत त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या अन् भाकरी थापायला लागल्या. ताटात पिठलं वाढलं, वर तूप ओतलं.

"गोड नाय केलं, तुला साखर हाय," म्हणाल्या. "बस."

"आत्याबाई, पण देवीचं?"

"तिचं मी बघते. तू खा."

दोन दिवस मी भीतीनं खाल्लं, चव कसलीच लागली नाही. तपासणीला काट्यावर चढले. आकडा वर जायचा, खाली यायचा. डॉक्टरांनी मला उतरून पुन्हा चढायला लावलं. शेवटी म्हणाले, "बसतंय." वर होते, अगदी थोडी.

नवमीला मंजुरीचा फोन आला. मी धावतच आत्याबाईंना सांगायला गेले. त्या घटापुढं भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मालकांना विचारलं तेव्हा कळलं. मी उपास मोडला त्या दिवसापासून माझा राहिलेला उपास त्यांनी धरला होता, नुसत्या दुधापाण्यावर. मी माझ्या काळजीत, मला पत्ताच नाही.

"ह्या वयात? तुम्ही मेल्या असत्या म्हणजे!" मी अंगावरच गेले त्यांच्या.

"मी मेले असते तर लोक म्हणले असते, वय झालं होतं," त्या म्हणाल्या. "तू मेलीस तर मी भांडायचं कुणासंग?"