आमच्या घरचं नेट

घरात नवीन राउटर आला की नेट येतं, अशी माझी भाबडी समजूत होती. नेट येतं ते अधूनमधून. किस्से मात्र रोज येतात. सुरुवातीला मी ते ऑफिसच्या मैत्रिणींना सांगायचे, मग माहेरी फोनवर सांगायला लागले, आणि आता कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी हातात देताना विचारते, "काय ताई, आज काय केलं तुमच्या डबड्यानं?" एवढे साठलेत की एकदा ओळीनं सांगून मोकळी होते.

आधी थोडं घरचं. आम्ही वसईत माणिकपूरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी, नवरा प्रशांत आणि सासूबाई. मी एका विमा कंपनीत क्लेमचं काम बघते. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दिवसभर घरात कुणीतरी असणं भाग पडलं. मी ऑफिसातल्या मॅडमच्या मागे लागून लागून घरून काम करायची परवानगी मिळवली. मॅडम म्हणाल्या, "ट्रायलवर देते. लाइन सारखी जायला लागली तर मात्र रोज अंधेरीला यावं लागेल." आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाईलला रेंज फक्त गच्चीत मिळते, त्यामुळे तो मार्ग बंद. म्हणून नवीन फायबर घेतलं, नवा कोरा राउटर घेतला. आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

*

राउटर बसवायला विलास आला. आमच्या भागात नेटची सगळी कामं विलासच करतो. "कुठं लावू?" म्हणाला. प्रशांत म्हणाला हॉलच्या मधोमध, मी म्हणाले माझ्या टेबलाजवळ, आई म्हणाल्या, "शोकेसमध्ये लाव. शोभेल." अर्थातच तो शोकेसमध्ये लागला.

पहिले काही दिवस झकास गेले. मग एका दुपारी नेट गायब. बाहेर येऊन बघते तर राउटरला क्रोशाचं कव्हर! गुलाबी, खाली झालर, आणि अँटेना बाहेर काढायला दोन गोल भोकं. आत हात घातला तर पोळी भाजता आली असती इतका तापलेला.

"आई, हे काय?"

"धूळ बसते त्याच्यावर. गुडघा चालत नाही म्हणून काय हात पण बांधून ठेवू?"

मी कव्हर काढलं. आई रुसल्या. "मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, फ्रिजच्या हँडलला आहे. ह्यानंच काय पाप केलंय?" त्या दिवशी त्या माझ्याशी जेमतेम बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कव्हर नसतानाही नेट गेलं. आईंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मग तडजोड झाली. कव्हर आता सणासुदीला घालतात.

*

मी कस्टमर केअरला फोन लावला. त्यासाठी गच्चीत गेले, ऊन मी म्हणत होतं. बऱ्याच वेळानं एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"केला."

"परत एकदा करा. मी होल्डवर आहे."

मी गच्चीतून तिसऱ्या मजल्यावर उतरले, राउटर बंद केला, चालू केला, परत वर चढले. "केला."

"आता कुठला दिवा लागलाय, लाल की हिरवा?"

परत खाली, परत वर. "लाल."

"ठीक आहे मॅडम. तुम्ही आमच्या ॲपवरून तक्रार नोंदवा ना, लवकर काम होईल."

"ॲप नेटवर चालतं ना?"

"हो मॅडम."

"मग मी फोन कशाला केलाय?"

ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?" संध्याकाळी नेट आपसूक आलं, आणि त्याबरोबर मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं यशस्वी निवारण झालेलं आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या. मी काय दिलं असेल ते तुम्हीच ओळखा.

*

विलास प्रत्येक वेळी यायचा, ह्यात त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण तो यायचा सकाळी. सकाळी नेट असं पळायचं की मलाच लाज वाटावी.

"मॅडम, चालतंय की मस्त. पन तुम्ही सांगता जातं."

"दुपारी जातं रे. तू दुपारी ये."

"दुपारी मी नालासोपाऱ्याला असतो."

एकदा मी ठरवलं की आज ह्याला सोडायचंच नाही, नेट जाईपर्यंत बसवून ठेवायचा. चहा दिला. पोहे दिले. आईंनी त्याच्या लग्नाची चौकशी केली, मुलीचं स्थळ सुचवलं, त्याच्या आईचा फोन नंबर घेतला. नेट ढिम्म हललं नाही. शेवटी बिचारा जेवायच्या वेळेला "मॅडम, आता जाऊ का?" असं विचारून निघाला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं गेटबाहेर गाडीला किक मारली आणि इकडे लाल दिवा.

आई म्हणाल्या, "अगो, त्यालाच ठेवून घे इथं. राउटर परत करून टाक."

*

मग प्रशांतनं सूत्रं हातात घेतली. तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत राउटरचे व्हिडिओ बघायला लागला. एका रविवारी घरी टेप घेऊन उभा. म्हणे भिंती सिग्नल खातात, राउटर उंचावर हवा. शोकेसमधून तो माळ्यावर गेला. तिथं पितळेची भांडी, म्हणे धातू चालत नाही. मग बाल्कनीत, तिथं ऊन. शेवटी त्यानं तो पडद्याच्या दांडीला सुतळीनं टांगला. पंखा लावला की राउटर डुलायचा.

"अनघा, आता चेक कर."

"प्रशांत, लाल दिवाच आहे, फक्त तो आता हलतोय."

त्यानं त्या दिवशी उगाच त्याच्या सासरच्यांना नावं ठेवली. माझ्या माहेरी नेट एकदाही जात नाही, ह्याचा त्याला आधीपासून राग आहे.

*

चौथ्या मजल्यावरचे सावेकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. रिटायर झालेत, आणि बिल्डिंगमधली कुठलीही बिघडलेली गोष्ट म्हणजे त्यांना मेजवानी. ते म्हणाले, "राउटर-बिउटर सगळं झूठ. दोष वायरीत. चला गच्चीत."

आमची वायर शेजारच्या बिल्डिंगवरून आमच्या गच्चीवर येते आणि मग भिंतीवरून खाली. वर जाऊन बघतो तर त्या वायरवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोंबील. जोड्याजोड्यांनी, तोंडात तोंड अडकवून, व्यवस्थित वाळत घातलेले. वायर मध्ये झोळीसारखी खाली आलेली.

पहिल्या मजल्यावरच्या लोपीस आंटींना बोलावलं. त्यांचं मूळ घर सांडोरला, पण मुलगी कॅनडाला गेल्यापासून त्या इथं फ्लॅटवर एकट्या असतात.

"आंटी, ही नेटची वायर आहे."

"मला काय माहीत बाय. कळंबहून ताजे आणले, दोरी रिकामी दिसली, टाकले."

सावेकाकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं केस सोडवल्याचं जाहीर केलं. बोंबील सन्मानानं दुसऱ्या दोरीवर गेले. वायर विलासनं ताणून बांधली. आंटींनी झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला एक वाटा सुके बोंबील दिले, ते आईंनी फार सुरेख केले. आणि आम्ही ते खात असतानाच नेट गेलं.

*

ह्या सगळ्यात माझं काम चालूच होतं, म्हणजे चालू-बंद होतं. मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, असा गोठायचा. टीममधल्या कुणीतरी त्याचं स्टिकर बनवलं. आता कुणाला जांभई आली की ग्रुपवर मी जाते.

एकदा तर कहर झाला. एका बाईंचे मिस्टर गेले होते, त्यांच्या क्लेमसाठी कॉल होता. मी आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "ताई, तुमच्या दुःखात आम्ही..." आणि लाइन गेली. परत जोडली. "ताई, माफ करा, तुमच्या दुःखात..." परत गेली. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा मला रडूच फुटलं. त्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही नका रडू. आमच्याकडेही असंच जातं. आधी पाणी प्या." मी सांत्वन करायला फोन केला होता.

तो कॉल रेकॉर्ड होत होता. मॅडमनी ऐकला. "अनघा, शुक्रवारी चार वाजता वरच्या साहेबांबरोबर रिव्ह्यू आहे," त्या म्हणाल्या. "त्यात लाइन गेली तर मी काही करू शकणार नाही. सोमवारपासून ऑफिस."

सोमवारपासून ऑफिस म्हणजे आई दिवसभर एकट्या. त्यांना वॉकरशिवाय बाथरूमपर्यंतही जाता येत नव्हतं. बाई ठेवू म्हटलं तर त्यांना परक्या बाईचा हात लागलेला चालत नाही. मला त्या आठवड्यात धड झोप लागली नाही.

*

शुक्रवारी चाराला थोडा वेळ असताना नेट गेलं.

मी लॅपटॉप उचलला आणि सरळ सावेकाकांकडे गेले. कुणाचंही वायफाय अर्धा तास मागायचं ठरवलं होतं. काका टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्हीवर एक फलंदाज बॅट उचलून जागच्या जागी उभा होता.

"काका, अर्धा तास तुमचं वायफाय द्या. प्लीज."

"आमचं? आम्ही आमचं कधीच बंद केलं."

"मग हे कशावर बघताय?"

"तुमच्याच," काका म्हणाले. "बरं झालं तू आलीस. दुपारी फार अडकतं तुमचं. जरा कंप्लेंट कर ना."

मी धावत खाली लोपीस आंटींकडे गेले. आंटी मोबाईल समोर धरून बसल्या होत्या, पडद्यावर त्यांची कॅनडाची मुलगी, न हलणारी.

"आंटी, तुम्ही पण आमच्याच नेटवर?"

"तुझ्या सासूनं पासवर्ड दिला बाय. मी गुडघा बघायला आले होते ना."

आंटींकडून कळलं की दुसऱ्या मजल्यावरही आमचंच. तळमजल्यावरच्या टेलरकडेही आमचंच. दुपारी सगळे एकदम लावून बसले की आमचा राउटर मान टाकायचा. मी घरी आले. आई सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"आई, पासवर्ड कुणाकुणाला दिलात?"

"जे भेटायला आले त्यांना."

"अख्खी बिल्डिंग भेटायला आली होती!"

"मग?" आई म्हणाल्या. "तू आत दार लावून कामात. मला उठून चहा टाकता येत नाही. माणसं फळं आणतात, बिस्किटं आणतात, तासभर बसतात. त्यांना रिकाम्या हातांनी पाठवू?"

मला एवढ्या मोठ्यानं ओरडायचं होतं की वसईच्या किल्ल्यात ऐकू जावं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी फक्त म्हणाले, "आई, आज लाइन गेली तर सोमवारपासून मला अंधेरीला जावं लागेल."

तेवढ्यात नेट रडतरखडत परत आलं, वर मॅच आणि खाली मालिका पुन्हा सुरू झाली. आईंनी वॉकर ओढला, उठल्या, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेल्या आणि जिन्यात उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमचं नेट ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांनी आत्ताच्या आत्ता बंद करा! सुनेच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

वरच्या मॅचचा आवाज थांबला. खाली कुठली तरी मालिका थांबली. टेलरकडचं गाणं थांबलं. बिल्डिंग एवढी शांत झाली की कुकरची शिट्टी कुणाकडे झाली तेसुद्धा कळलं. मी राउटर बंद करून चालू केला. सगळे दिवे हिरवे लागले.

मीटिंग झाली. मी एकदाही गोठले नाही. साहेब शेवटी म्हणाले, "लाइन तर छान आहे तुमची. घरूनच करा." मॅडम हसल्या. मी लॅपटॉप मिटला.

बाहेर येऊन दार उघडलं तर सगळे जिन्यात. आई दाराशी खुर्चीत, सावेकाका पायरीवर, त्यांच्या शेजारी टेलर, आणि लोपीस आंटी सांडोरच्या वाडीतली केळ्यांची फणी घेऊन उभ्या. कुणीच काही करत नव्हतं. करायला काही नव्हतंच.

"काय झालं?" आईंनी विचारलं.

"घरूनच काम. कायमचं."

आईंनी पदर डोळ्यांना लावला. सावेकाकांनी टाळी वाजवली. लोपीस आंटींनी केळी माझ्या हातात दिली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "देवानं ऐकलं बाय. आता तू घरीच आहेस, तर आपल्याला जरा मोठा प्लॅन घेऊन टाक."