डाव्या पंखाचं झाकण

दोह्यात, पर्ल बेटाच्या धक्क्यावर चालायची तिसरी फेरी सुरू झाली, तरी शिवराजच्या बोलण्यातलं विमान काही खाली उतरेना.

"अक्का, धडाचे तीन भाग. पुढं नाक आणि वैमानिकाची बैठक, मधे तेलाच्या टाक्या, मागं इंजिन. पंखात आडवा कणा, कण्याला बरगड्या, वरनं पत्रा. माणसासारखंच की!"

"आणि जीभ कुठं असते रे त्याला?" नमितानं विचारलं.

शिवराजनं चालायचा वेग वाढवला.

नमिता त्याची मामेबहीण, दोह्यात एका दवाखान्यात कारकून. तो कराडला एसटीच्या गाड्यांना पत्रे ठोकायचा, तेव्हापासून ती त्याला ओळखून होती. मग इथल्या हवाई तळावर, एका ठेकेदाराकडे त्याला काम लागलं. "लढाऊ विमान माझ्या हाताखाली असतं," असं त्यानं गावात सांगितलं. गावानं शाल, नारळ देऊन सत्कार केला. खरं तर अख्ख्या विमानातलं याच्या वाट्याला एकच झाकण, डावा पंख धडाला जुळतो तिथलं. सोळा स्क्रू काढायचे, आतल्या बरगड्यांना तडा आहे का बघायचं, पुन्हा सोळा लावायचे. हाच तो सेनापती!

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुजली. तेवढं मात्र नमिताला पटलं होतं. ज्यावर पोट चालतं, त्याला हात जोडायलाच हवेत. पण नंतर अक्षता पडलेली हत्यारांची पेटी झटकून न्यायची अक्कल देवानं द्यायची का? त्या झाकणाआड सुटा धागासुद्धा चालत नाही. दुसऱ्या दिवशी बरगडीच्या बेचक्यात हळदीचा तांदूळ सापडला. एकच दाणा, पण विमान जागेवर खिळलं.

गोरा तपासनीस म्हणाला, "बिर्याणी." त्या पंखावर काम करणाऱ्यांत घरचा डबा आणणारा एकटा रत्नागिरीचा सैफ. त्याचा तळावर शिरायचा पास काढून घेतला. आठवडाभर तो खोलीवर बसून होता. रविवारी निकाल लागणार, आणि सैफला बहुतेक गावी परतच पाठवणार होते.

"सैफ काय बोलला?" नमितानं विचारलं.

"काही नाही. दाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं."

"बघणारच! शेजारच्या लग्नांत अक्षता टाकून मोठा झालाय तो. शिजलेला कुठला, कच्चा कुठला, गोऱ्याला नाही कळलं. तुलाही नाही कळलं होय? बरगड्यांतले तडे शोधणारा तू!"

"मला हाकलतील गं. गावाला काय तोंड दाखवू?"

"सत्काराची शाल आहे की. घे डोक्यावरनं."

 शिवराज बोटींच्या कठड्याशी थांबला. रुमालानं मान पुसली.

"अक्का, तुझं इंग्रजी बरं आहे. तांदूळ माझा होता, सैफचा नव्हे, असं लिहून दे. सही मी करतो."

"देते. आत्ताच देते."

"पण पूजेचं घालू नकोस त्यात, देवाला बोल नको. कच्चा तांदूळ चघळायची खोड आहे मला, असं लिही."