शेजारच्या खाटेवरच्या सुलुमावशी

सकाळी जाग आली की सुलुमावशी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा वर करून अख्ख्या वॉर्डाला विचारायच्या, “उठल्या काय गो सगळ्या?” प्रत्येक खाटेवरून ‘हो’ आलं की मगच मास्क खाली. नर्स रागवायची. “श्वास काय, घेईन मागनं,” हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

पेणच्या कोविड वॉर्डात माझी खाट त्यांच्या शेजारी होती. मी रोह्याची शिक्षिका. मला रडू आलं की त्या म्हणायच्या, “बोल गो, काय पन बोल. मी आयकते.” मग मी माझ्या वर्गातल्या मुलांची नावं पटावरच्या क्रमाने सांगत बसे.

मावशींना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. त्यांच्या पडवीत आळीतल्या चौघी पापड लाटायला जमत, तेच त्यांचं गोत. बऱ्या होऊन त्या घरी आल्या तोवर पोळपाट-लाटणी दुसऱ्या पडवीत गेली होती. साथ ओसरल्यावर बायकांनी बोलावलं, पण मावशी गेल्या नाहीत.

मला मात्र रोज संध्याकाळी फोन करायच्या. काही महिने मी उचलला. मग शाळा सुरू झाली, तपासायच्या वह्या आल्या. फोन वाजत राही. एक दिवस तो वाजायचा थांबला, आणि ते माझ्या लक्षात यायला पंधरवडा लागला.

रविवारी गाडीने पेणला गेले. मावशी पार वाळल्या होत्या. रागावल्या नाहीत. चहा केला.

“दिवसभर काय करता?”

“सकाळी हास्पिटलात जाते. भायेर बाकड्यावर बसते.”

“काही दुखतंय का?”

“नाय गो. वॉर्डात बरं वाटायचं. तिथं सगळ्या सारख्याच व्हत्या. इथं लोक, बरी झालीस, म्हणतात नि पुढं जातात.”

मनाच्या डॉक्टरांना दाखवू, असं मी सुचवलं. “मला वेड नाय लागलं,” त्या म्हणाल्या. मी ताणून धरलं नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

पुढच्याच पावसाळ्यात त्या झोपेत गेल्या. आळीत ते दुसऱ्या दिवशी कळलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, “रोज हास्पिटलात जायची, बाई. आमाला वाटलं, गोळ्या आणायला जाते. खरं कळलं असतं तर हाताला धरून पडवीत आणली असती.”

मला खरं ठाऊक होतं. तिला ते सांगायचं धाडस मला झालं नाही.