टाकीचा कोंडलेला श्वास

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. आता उजवा हात लुळा, बोलणं जड. लोकांसमोर शब्द अडखळतात म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. त्यांच्या आजारपणात माझी लांबच्या प्रवासाची मोटरसायकलही पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी होती.

एका रविवारी मी ती बाहेर काढली आणि अण्णांना म्हणाले, “चला, वडवणीला जाऊन येऊ.” ते नको नको म्हणत होते, तरी बसवलंच. पाठीला सामानाच्या पेटीचा टेका होता, कमरेला पट्टा बांधला.

बीड सोडून दहा-बारा किलोमीटर झाले असतील. गाडीचा जोर अचानक ओसरला. रेस पिळली तरी वेग वाढेना. दोन आचके देऊन ती बंद पडली. पाच मिनिटांनी चालू झाली, जेमतेम दोन किलोमीटर पळाली आणि पुन्हा तेच. काटा तर अर्धी टाकी दाखवत होता. प्लगची टोपी, बॅटरीच्या तारा, सगळं चाचपलं. मला रडूच यायला लागलं. कशाला यांना उन्हात आणलं?

मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली उतरवून बसवलेले अण्णा एकदम म्हणाले, “झटक्यात बंद पडती का दम सोडीत?”

“दम सोडत.”

“थांबली की परत चालती?”

“हो.”

“मंग... टाकीचं झाकण उघड.”

उघडलं, तर सुस्स करून हवा आत शिरली. लगेच बटण दाबलं, इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं.

“पेट्रोल जातंय, पर त्याच्या जागी हवा येत न्हाई,” ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले. “हवेची नळी बघ. खाली आसंल.”

इंजिन बंद करून मी वाकले. मागच्या चाकाजवळ लोंबणाऱ्या बारीक नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. अण्णा उठले, माझ्या खांद्याचा आधार घेत खाली टेकले. लुळ्या हाताच्या बोटांत त्यांनी नळी धरली. पकड ढिली होती, पण सुटली नाही. डाव्या हातानं तुरकाटीची, तुरीच्या वाळक्या झाडाची, काडी फिरवून त्यांनी माती पाडली.

“मी करू का?” असं विचारायचं ओठांवर आलं होतं. पण मी फक्त गाडी हलू नये म्हणून धरून ठेवली.

पुढं गाडी वडवणीपर्यंत एकदाही अडखळली नाही. चहाच्या टपरीवर मालकानं मला विचारलं, “हात लई काळे झालेत, वाटंत पंक्चर का?” मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी डावा हात वर केला. “न्हाई, न्हाई. ऐका...” आणि वाकड्या तोंडानं, थांबत थांबत, त्या अनोळखी माणसाला त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मालकानं घाई केली नाही. माझा चहा गार झाला, तरी मी ऐकतच राहिले.