एकोणीस कलमांचा बैल

माझे मामा हेडी होते, म्हणजे गुरांचे व्यापारी. मुरबाडच्या बाजूला पौषात जत्रा भरायची, आणि नव्वदच्या दशकात तिथे मामांच्या शब्दाला फार वजन होतं. ते बैलाभोवती फिरत मोठ्याने बोलत राहायचे: दात बघा, खूर बघा, खांदा दाबून बघा, अंगावरचा केसांचा भोवरा कुठे आहे बघा. मी तेव्हा आटगावहून कामाला जाणारा कारकून. नियम दिसला की लिहून काढायची खोड. चार-पाच जत्रा मामांच्या मागे हिंडून मी एकोणीस कलमांची यादी केली आणि स्वतःला अर्धा हेडी समजायला लागलो. काय म्हणावं असल्या शहाण्याला!

एका वर्षी आमच्या जोडीतला एक बैल मेला. वडील नव्हते, शेणवे गावाजवळचं शेत आई एकटीच बघायची. त्यात मामा पाय मोडून खाटेवर. आई म्हणाली, त्याला उठू दे, घाई नको. मी म्हटलं, यादी आहे ना. लावणीला जोडी नसली तर शेत पडून राहणार, म्हणून ती शेवटी हो म्हणाली. जत्रेत एक पांढरा बैल एकोणीसच्या एकोणीस कलमांत बसला. मी छाती फुगवून तो घरी आणला.

ज्येष्ठापर्यंत त्याने गाडी ओढली, काही तक्रार नाही. आषाढात भाताच्या चिखलणीला जुंपला आणि दोन फेऱ्यांत तो चिखलात जो बसला तो बसलाच. शेपटी पिरगाळली, चारा दाखवला, ओरडून ओरडून माझा घसा बसला, हा ढिम्म. आई गुडघाभर चिखलात उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्या वर्षी अर्धं शेत रिकामं राहिलं, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात मजुरीने लावणीला गेली. मला तिच्यासमोर जेवायला बसायचीही लाज वाटायची.

मी मामांकडे जाऊन तणतणलो. सगळी यादी वाचून दाखवली, म्हटलं यात काय चुकलं ते सांगा. ते हसायलाच लागले.

"आरं, ते मी बोलायचो टाइम काढायला," ते म्हणाले. "माजी नजर धन्यावर असायची. दावं देताना त्याचा हात कसा व्हता? चांगला बैल इकणारा लगेच सोडत नाय."

मला जत्रेतला तो क्षण आठवला. बैल विकणाऱ्याने दावं माझ्या मुठीत अक्षरशः कोंबलं होतं आणि मागे न बघता गर्दीत शिरला होता. इतकी वर्षं मी मामांच्या तोंडाकडे बघून लिहीत होतो, आणि त्यांचे डोळे कुठे आहेत हे मला एकदाही बघावंसं वाटलं नव्हतं.

पुढच्या पौषात तो बैल विकणं भागच होतं. त्याशिवाय दुसरा घेता येत नव्हता, आणि आईने आणखी एक हंगाम मजुरी केलेली मला बघवली नसती. मामांनी बजावलं होतं, चिखलात बसतो हे गिऱ्हाइकाला सांगून टाक. सकाळपासून दोघांना सांगितलं, दोघेही चालते झाले. दुपारी एका वाडीवरचा म्हातारा आला. त्याने ना दात बघितले ना खूर. सौदा ठरवला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. मी ओळखलं, हा मामांसारखा बघणारा.

मी दावं सोडलं नाही. घट्ट धरलं, मान खाली घातली, बैलाच्या पाठीवर दुसरा हात ठेवला. हे आपण करतोय यावर माझाच विश्वास बसत नव्हता, पण मूठ उघडली नाही.

म्हाताऱ्याने माझी बोटं हळूहळू, एकेक करून सोडवली.

"रडू नको रे बाबा," तो म्हणाला. "पोरावानी सांबालीन."

मी त्याला काहीच सांगितलं नाही.