शब्द काढल्यावर

"शब्दच न्हाईत, तर मी गाऊ काय?" वैशाली कांबळे आलाप अर्ध्यात सोडून म्हणाली.

आलाप म्हणजे शब्दांशिवाय, सावकाश रागाचे सूर मांडणं. आष्ट्यातल्या एका क्लासमध्ये मी गायन शिकवते. वैशाली तिशीची, डी.एड. झालेली, भावाच्या गायन पार्टीत भीमगीतं गाणारी. माईक नसला तरी तिचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. एक शाळा तिला संगीत शिक्षिका म्हणून घ्यायला तयार होती. अट एकच, शास्त्रीय गायनाची पहिली परीक्षा पास हवी. ती सांगलीला, पुढच्या महिन्यात होती.

तिचे सूर पक्के होते. पण 'आ' लावला की आवाज एकदम बारीक व्हायचा. मी भूप रागाचे आलाप पाठ करून घेतले. ती ते पाढ्यासारखे म्हणायची.

शेवटी म्हटलं, "तुझं एखादं गाणं म्हण."

"हितं? क्लासात?"

"म्हण गं."

तिने घरचं एक गाणं म्हटलं. चाल बरीचशी भूपातली. फक्त एका ठिकाणी मध्यम, म्हणजे 'म' हा सूर, लागत होता, आणि भूपात मध्यम चालत नाही. तेवढी जागा आम्ही बदलली. मग पहिल्या ओळीचे शब्द काढून नुसता 'आ'कार लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. आता आवाज आक्रसत नव्हता.

"मनात शब्द म्हणतीय मी," ती म्हणाली. "चालंल न्हवं?"

"चालेल. तोंडातून येऊ देऊ नकोस."

क्लासचे मालक माळी सर मात्र दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, हे सिलॅबसमध्ये कुठंय? पालक विचारतात, शास्त्रीयच्या वेळेत जयंतीची गाणी कशी काय?"

"सर, ती भूपच शिकतेय."

"मग भूपासारखं ऐकू येऊ दे."

"परीक्षेपर्यंत थांबा. नापास झाली तर मला सांगा."

परीक्षेत आलाप नीट झाला. 'आवाज फार मोकळा लावता' म्हणून परीक्षकांनी मार्क कापले. वैशाली सेकंड क्लासमध्ये पास झाली आणि शाळेत रुजू झाली.

निकाल पाहून माळी सरांनी लगेच नवी बॅच काढली. बोर्डावर लिहिलं, 'लोकगीतांतून शास्त्रीय संगीत'. पेढे घेऊन आलेल्या वैशालीने तो वाचला.

"आवं सर, माझं गाणं लोकगीत कवापास्नं झालं? ज्यानं लिवलं, त्यो माझा चुलता हाय. आत्ता कुंडलला शेतात आसंल. फोन लावू?"

आठवड्याने सरांनी बोर्ड बदलला. आता त्यावर नुसतं 'गायन' लिहिलंय. शिकवायला मला तेवढं पुरतं.