साडूच्या दुकानातल्या मॅडम

सरकारला वाजवीपेक्षा एक पैसा जादा जाईल या भीतीनं झोप उडणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू आहे. यवतला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरून द्यायचं त्याचं दुकान. एकदा शिरूरला माझ्याकडं जेवायला आला, तर निघताना पेट्रोलची पावती नीट खिशात घालत म्हणाला, "साडूभाऊ, हा धंद्याचाच खर्च. तुमची पाण्याची मोटार बघितलीच की." बघितली होती, लांबून.

बायकोला पगार दिला की तेवढं आपलं उत्पन्न कमी दिसतं, असं कुठंसं ऐकून त्यानं बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, दुकानात कामाला ठेवलं. अगदी रीतसर. घरी "अगं", दुकानात "मॅडम, तुम्ही". पाटसला माहेरी जायचं तर रजेचा अर्ज. ऐन उन्हाळ्यात, मोटारी धडाधड जळत असताना, त्यानं तो नामंजूर केला. सासूबाई स्वतः येऊन दुकानात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठं मंजूर झाला. मेहुणीही वस्ताद. त्यानं चहा मागितला की म्हणायची, "साहेब, ते माझ्या कामात बसत न्हाई." पण पगार तिच्या नावच्या खात्यात पडू लागला आणि शेजारणींना ती "दुकानात जाते"ऐवजी "कामावर जाते" असं सांगू लागली.

यंदा दौंडच्या कर सल्लागारानं घोळ दाखवला. बायकोकडं त्या कामाचं शिक्षण नसेल, तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. मग देऊन उपयोग काय, बंद करा, असं त्यानं सांगितलं. साडूला धीर द्यायला म्हणून मी सोबत गेलो होतो. परतीच्या वाटेवर मी दोनदा विषय काढला. साडूनं दोन्ही वेळा गाडीची काच खाली केली.

दुकानात शिरताच मेहुणीनं त्याचा चेहरा वाचला.

"मला कमी करायला सांगितलं न्हवं?"

"व्हय."

मागं तारा गुंडाळणारा कारागीरही थांबला. मी भिंतीकडं बघू लागलो.

"तुमच्या पगाराचा कर बी मलाच बसतोय," साडू म्हणाला. मग त्यानं पेट्रोलची पावती खिशातून काढून गल्ल्यात टाकली. "बसू दे. उद्या येळेवर या, मॅडम."

ती हसली नाही. नुसती वळून नळाखाली हात धूत राहिली. साडू तिच्या पाठीकडं बघत उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी न सांगताच बाहेर पडलो. शिरूरला परतायला चौफुल्याच्या गाडीला अजून वेळ होता. हायवेवरचे ट्रक बघत मी उगीच उभा राहिलो.